पदविकेनंतर थेट दुसऱ्या वर्षाला
(सभासदांच्या मुलामुलींसाठी अभियांत्रिकी पदवीची एक वाट)



या अंकात माझ्याकडून खोडव्याच्या व्यवस्थापनावर चार शब्द येतील अशी आपली अपेक्षा असेल. तो लेख पुढच्या अंकी देतो. या वेळी विषय जरा वेगळा घेतला आहे. प्लॉट पाहायला बांधावर गेलो की उसाच्या चार गोष्टी होतात आणि पाचवी गोष्ट हमखास पोराच्या शिक्षणाची निघते. "साहेब, थोरला पॉलिटेक्निकला शेवटच्या वर्षाला आहे. आता पुढं काय करायचं?" हा प्रश्न इतक्या जणांनी विचारला, की प्रत्येकाला बांधावर सांगत बसण्यापेक्षा एकदा लिहून काढावे असे वाटले. मी स्वतः पदविकेचाच माणूस. आमच्या वेळी पुढच्या वाटेची चौकशी करायची असते, हेच घरात कुणाला माहीत नव्हते.

लिहायला बसण्याचे आणखी एक कारण घडले. आमच्या गटातील एका सभासदाच्या मुलाला मेकॅनिकलच्या पदविकेला ९३ टक्के गुण पडले. पोरगं हुशार आणि कष्टाळू. अर्ज वेळेत भरला, पण नॉन-क्रीमी लेयरचा दाखला मुदत संपलेला जोडला गेला. कच्ची यादी लागली तेव्हा त्यात त्याचे नाव खुल्या प्रवर्गात आले होते. हरकत घ्यायला दोन-तीन दिवस होते. घरात आडसालीच्या लागणीची गडबड, यादी कुणी उघडून पाहिलीच नाही. पुढे जागावाटप झाले तेव्हा कळले, की त्याच्याच प्रवर्गातून त्याच्यापेक्षा कमी टक्क्यांच्या मुलाला ती जागा मिळाली. वडील मला म्हणाले, "साहेब, पोरानं तीन वर्षं घासली आणि मी एका कागदात हरलो." हे दुसऱ्या कुणावर येऊ नये एवढ्यासाठी हा खटाटोप.

ही वाट म्हणजे नेमके काय?

अभियांत्रिकीची पदवी चार वर्षांची. बारावी सायन्स करून सीईटी दिलेली मुले तिच्या पहिल्या वर्षात बसतात. पण दहावीनंतर तीन वर्षांची पदविका, म्हणजे आपण ज्याला डिप्लोमा म्हणतो तो, पूर्ण केलेल्या मुलाला पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. म्हणजे दहावीनंतर तीन आणि तीन अशी सहा वर्षे. बारावीवाल्यालाही दोन आणि चार मिळून सहाच वर्षे लागतात. वर्ष वाया जात नाही, आणि मधेच थांबावे लागले तरी हातात डिप्लोमा असतो.

आपल्या भाषेत सांगायचे तर हे रोप लागणीसारखे आहे. बारावीवाला म्हणजे शेतातच उगवलेली टिपरी, डिप्लोमावाला म्हणजे रोपवाटिकेत वाढलेले रोप. रोप मुळ्या घेऊनच सरीत येते, पण लावल्यावर आठ-दहा दिवस सुकल्यासारखे दिसते. तेवढे सांभाळले की पुढे कुणाला फरक कळत नाही. हे सुकणे कशाचे, ते पुढे सांगतो.

या प्रवेशाला वेगळी प्रवेश परीक्षा नाही. सगळी मदार पदविकेच्या गुणांवर. राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत केंद्रीभूत पद्धतीने ही प्रक्रिया होते. म्हणून पहिली गोष्ट ध्यानात ठेवा. "डिप्लोमा पास झाला की बघू" असे म्हणून चालत नाही. प्रत्येक टक्का उद्याच्या यादीत दहा-वीस पायऱ्या वरखाली करतो.

पात्रता कुणाला?

तीन वर्षांची मान्यताप्राप्त अभियांत्रिकी पदविका किमान ४५ टक्के गुणांनी उत्तीर्ण हवी. राखीव प्रवर्गांसाठी ही अट ४० टक्के आहे. बारावीला गणित असलेला बी. एस्सी. पदवीधरही या वाटेने येऊ शकतो. मात्र त्याला पहिल्या वर्षाचे इंजिनिअरिंग ग्राफिक्स आणि इंजिनिअरिंग मेकॅनिक्स हे विषय दुसऱ्या वर्षाबरोबर सोडवावे लागतात.

कुणी विचारेल, आयआयटीला असे जाता येते का? नाही. तिथे जेईई ॲडव्हान्स्ड देऊन पहिल्या वर्षातच शिरावे लागते, दुसऱ्या वर्षाचे दार नाही. त्यामुळे कुणी एजंट "तिथं सोय करतो" म्हणाला तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

नामवंत ठिकाणी जागा इतक्या कमी का?

इथेच पुष्कळांचा गैरसमज आहे. थेट दुसऱ्या वर्षाच्या जागा दोन प्रकारे तयार होतात. एक, त्या शाखेच्या मंजूर जागांच्या १० टक्के वाढीव जागा. दोन, पहिल्या वर्षाला रिकाम्या राहिलेल्या जागा.

आता हिशेब करा. साठ जागांची शाखा असेल तर वाढीव जागा झाल्या सहा. साध्या महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या वीस-पंचवीस जागाही रिकाम्या असू शकतात, तिथे डिप्लोमावाल्याला भरपूर वाव. पण ज्या महाविद्यालयासाठी सारा महाराष्ट्र रांगेत उभा असतो, तिथे पहिल्या वर्षाला जागा रिकाम्या राहतीलच कशाला? तिथे स्पर्धा त्या सहा जागांसाठीच, आणि त्या सहातही आरक्षणाची विभागणी. म्हणून नामवंत संस्थांत मागणी असलेल्या शाखांच्या याद्या नव्वद टक्क्यांच्या वरच बंद होतात. ८५ टक्के म्हणजे वाईट गुण नव्हेत. फक्त तिथल्या सहा जणांत बसायला ते पुरत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

अशा संस्था कोणत्या? पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय हे १८५४ सालापासूनचे. २०२२ मध्ये त्याला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि ते सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ झाले. मुंबईची व्हीजेटीआय १८८७ ची. १९९७ पासून तिचे नाव वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्था आहे. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ चे. नांदेडची श्री गुरु गोविंद सिंगजी संस्था १९८१ ची. याशिवाय आपल्या सहकाराच्या अंगणातलीही महाविद्यालये आहेत. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्याची वाट मोकळी झाली, आणि प्रवरा, वारणा अशा कारखान्यांच्या परिसरात ती उभी राहिली. तिथे शिकलेली शेतकऱ्यांची मुले आज देशभर कामाला आहेत. तेव्हा "पुणे-मुंबई नाही तर काहीच नाही" असे मनात धरू नये.

गुणवत्ता यादी आणि विकल्प अर्ज

प्रक्रिया अशी चालते. ऑनलाइन नोंदणी, कागदपत्रे चढवणे, त्यांची तपासणी, कच्ची यादी, हरकती, पक्की यादी, मग विकल्प अर्ज आणि शेवटी फेऱ्यांनी जागावाटप.

विकल्प अर्ज म्हणजे हवी असलेली महाविद्यालये व शाखा पसंतीच्या क्रमाने लिहून देणे. इथे मंडळी फार घोळ घालतात. जागावाटप कसे होते ते समजून घ्या, म्हणजे घोळ होणार नाही. संगणक गुणवत्तेच्या क्रमाने एकेका मुलाकडे येतो आणि त्याची यादी वरून खाली वाचतो. पहिल्या क्रमांकाच्या ठिकाणी जागा शिल्लक आहे का? नसेल तर दुसऱ्या, नसेल तर तिसऱ्या. जिथे पहिली रिकामी जागा सापडेल ती देतो आणि पुढच्या मुलाकडे जातो. ऊसतोडीचा कार्यक्रम जसा लागण तारखेने चालतो तसाच हा.

यावरून तीन गोष्टी निघतात.

पहिली : अवघड महाविद्यालय वर लिहिल्याने काही बिघडत नाही. ते मिळाले नाही तर संगणक खालचा विकल्प पाहतो, आणि तिथला तुमचा हक्क तुमच्या गुणांवरच ठरतो. "वर मोठं नाव टाकलं तर खालचंही जाईल" ही भीती खोटी.

दुसरी : जे खरोखर नको आहे ते पहिल्या क्रमांकावर लिहू नये. पहिला विकल्प मिळाला की तो पक्का होतो, मग पुढच्या फेरीत बदल मागता येत नाही. खालचा विकल्प मिळाला तर मात्र दोन मार्ग असतात. ती जागा कायम करा, किंवा जागा हातात ठेवून वरच्या विकल्पांसाठी पुढच्या फेरीत थांबा. वरचा मिळाला तर आधीची जागा आपोआप सुटते. मिळालेली जागा मुदतीत स्वीकारलीच नाही, तर मात्र तिच्यावरचा हक्क जातो.

तिसरी : यादी लांब करावी. दोन-तीन विकल्प लिहून मोकळे झालेल्या चांगल्या मुलांनाही पहिल्या फेरीत काही मिळत नाही. मागील वर्षाच्या याद्या कोणत्या टक्क्यांवर बंद झाल्या ते संकेतस्थळावर असते. ते पाहून थोडे आवाक्याबाहेरचे, बरेच आवाक्यातले आणि शेवटी हमखास मिळणारे, असे क्रमाने लिहावे.

आणि एक विनंती. विकल्प अर्ज नेट कॅफेवाल्याच्या हाती सोपवू नका. तो भला माणूस असेल, पण दिवसाला पन्नास अर्ज भरतो. मुलाने घरी कागदावर यादी करावी, आईवडिलांनी ऐकावी, आणि मगच ती संगणकावर चढवावी. पासवर्ड मुलाकडेच ठेवावा.

शाखेबद्दलही बोलले पाहिजे. डिप्लोमाची शाखा एक आणि पदवीची दुसरी असे करता येते, पण शाखा बदलली की दुसऱ्या वर्षात पाया आणि इमारत एकदमच बांधावी लागते. हल्ली सगळ्यांचा ओढा कॉम्प्युटरकडे आहे. सिव्हिलमध्ये ९० टक्के घेतलेल्या मुलाने सिव्हिलसाठी नामवंत संस्था घ्यावी, की कॉम्प्युटरसाठी साधी, हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवावा. माझे मत विचाराल तर मुलाला कशात गोडी आहे ते आधी पाहावे, शेजाऱ्याचे पोर काय करते ते नंतर. त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत शाखेबाबत काय लिहिले आहे तेही वाचून घ्यावे.

कागदपत्रे : उन्हाळ्यातच तयार ठेवा

पदविकेचा निकाल आणि प्रवेश अर्ज यांच्यात फारसा वेळ नसतो. आणि तोच काळ आपल्या पेरणीचा, लागणीचा. म्हणून पुढील कागद मे महिन्यातच एका फाइलीत लावून ठेवावेत.

– दहावीची व पदविकेची सर्व गुणपत्रके.
– शाळा किंवा तंत्रनिकेतन सोडल्याचा दाखला.
– अधिवास व राष्ट्रीयत्वाचा दाखला.
– प्रवर्ग असल्यास जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र. वैधता जिल्हा पडताळणी समितीकडून मिळते आणि तिला महिनेच्या महिने लागू शकतात. मूल पदविकेच्या पहिल्या वर्षात असतानाच अर्ज टाका.
– नॉन-क्रीमी लेयरचा दाखला. हा प्रवेशाच्या वर्षानंतर येणाऱ्या ३१ मार्चपर्यंत चालणारा हवा. जुना दाखला कपाटात आहे म्हणून निर्धास्त राहू नका, त्यावरची तारीख वाचा.
– आर्थिक दुर्बल घटकातून अर्ज असल्यास तो दाखला, आणि शिष्यवृत्तीसाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला.

कच्ची यादी लागली की त्याच दिवशी नाव, टक्के आणि प्रवर्ग तपासावा. चूक दिसली तर हरकतीच्या मुदतीत दुरुस्त होते. मुदत गेली की कुणाच्याही ओळखीचा उपयोग नाही.

पैशाची तजवीज

फी ऐकून काही सभासद आधीच माघार घेतात. घाई करू नका. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असेल तर शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम शासन भरते. मुलींसाठी त्याहून मोठी सवलत आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, २०२४-२५ पासून, आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनाही आहे. अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर करायचे.

पण यातली मेख लक्षात ठेवा. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झाला असेल तरच शुल्काच्या या सवलती मिळतात. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला त्या नाहीत. शिवाय शिष्यवृत्तीची रक्कम उशिरा येते, आणि वसतिगृह, मेस, पुस्तके यांचा खर्च पहिल्याच महिन्यात उभा राहतो. आपले शेवटचे ऊस बिल ज्या वेळी हाती येते त्यातून थोडी रक्कम यासाठी बाजूला काढून ठेवावी. ऐन वेळी हात उसने घ्यावे लागत नाहीत.

रोप सुकते ते इथे

आता त्या आठ-दहा दिवसांच्या सुकण्याबद्दल. डिप्लोमावाला मुलगा वर्कशॉपमध्ये, ड्रॉइंगमध्ये, प्रत्यक्ष कामात बारावीवाल्याच्या पुढे असतो. मागे पडतो तो गणितात. बारावीवाल्याने अकरावी-बारावीचे आणि पदवीच्या पहिल्या वर्षाचे गणित केलेले असते. आपल्या मुलाने ते तेवढ्या खोलात केलेले नसते आणि दुसऱ्या वर्षात तर एकदम डिफरन्शियल इक्वेशन, लाप्लास, फोरियर समोर येतात. त्यात प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्या तर वर्ग सुरू होऊन काही आठवडे उलटलेले असतात. काही ठिकाणी अशा मुलांसाठी पूरक वर्ग घेतात, पण त्यावर विसंबू नये.

उपाय साधा आहे. पदविकेची शेवटची परीक्षा संपली की पदवीच्या पहिल्या वर्षाचे गणिताचे पुस्तक आणावे आणि रोज दोन तास बसावे. दोन महिन्यांत इंटिग्रेशन आणि मॅट्रिक्स हाताखाली आले तरी पुष्कळ. पहिल्या सहामाहीत गुण कमी पडले म्हणून पोराला बोलू नका. मुळी धरायला वेळ द्या.

दूर पाठवावे की जवळ ठेवावे?

आमच्या गटातल्या एका मुलीची गोष्ट सांगतो. इलेक्ट्रिकलच्या पदविकेला तिला ९५ टक्क्यांच्या वर गुण. घरात वाद लागला. आजी म्हणाली, "एवढ्या लांब पोरीला कशाला? जवळ कॉलेज आहे की." मुलगी म्हणाली, "आजी, जवळचं कुठं पळून चाललंय? मला एकदा अर्ज तर भरू दे." वडील माझ्याकडे आले. मी म्हटले, "अण्णा, विकल्प अर्जात लांबचं वर लिहा, जवळचं खाली लिहा. मिळालं तर मग घरात बसून भांडा. मिळायच्या आधी कशाला?" पहिल्या फेरीत तिला दुसरा विकल्प मिळाला. वडील वसतिगृह स्वतः पाहून आले, वॉर्डनबाईंशी बोलून आले. आजीला फोनवर खोली दाखवली. आज ती तिथे शिकते आहे, आणि सुट्टीत आली की धाकट्या भावाचे गणित घेते.

प्रत्येकाने दूरच जावे असे माझे म्हणणे नाही. घरात आजारपण आहे, हाताखाली माणूस नाही, अशी खरी अडचण असेल तर जवळचे चांगले महाविद्यालय घ्यावे, त्यात कमीपणा नाही. पण केवळ धास्तीपोटी अर्जच न भरणे, हे बी न पेरताच पीक आले नाही म्हणण्यासारखे आहे.

एकदा प्रवेश घेतल्यावर कॉलेज बदलता येते का?

हाही प्रश्न पुष्कळांचा. पदवीचे पहिले वर्ष एका महाविद्यालयात करून दुसऱ्या वर्षी दुसरीकडे जाता येते, पण ती वाट अरुंद आहे. तिथे त्या शाखेत जागा रिकामी हवी, पहिल्या वर्षाचा निकाल चांगला हवा, दोन्ही संस्थांची संमती हवी, अभ्यासक्रम जुळायला हवा आणि विद्यापीठ बदलत असेल तर स्थलांतर प्रमाणपत्र हवे. २०२१ पासून श्रेयांकांची बँक आली आहे. त्यात मुलाने मिळवलेले क्रेडिट जमा राहतात आणि कमाल सात वर्षे वापरता येतात. पण क्रेडिट जमा असणे म्हणजे जागा मिळणे नव्हे. उसाची नोंद झाली म्हणजे तोड आली असे होत नाही, तसेच. तेव्हा "आता इथं घे, पुढच्या साली बदलू" या भरवशावर नको तिथे प्रवेश घेऊ नये.

शेवटी एवढेच. ज्यांची मुले-मुली पदविकेच्या शेवटच्या वर्षात आहेत त्यांनी कागदांची फाइल घेऊन मंगळवारी, बाजारच्या दिवशी, गट ऑफिसला यावे. मी आणि आपले चिटबॉय मिळून निदान तारखा तरी तपासून देऊ. नियमांत दरसाल थोडाफार फरक पडतो, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका मुलाकडून वाचून घ्यावी. ती ऐकताना आपणही शेजारी बसावे. खताच्या पोत्यावरची तारीख आपण वाचतो, दाखल्यावरचीही वाचायला शिकू.

– ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग